मेजरचा मानपान

पाठीवर ऐंशी क्रेट झेंडू, नाकावर हातभर हार आणि बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, अशा थाटात अंगणात उभ्या असलेल्या मेजरनं खंडेनवमीच्या सकाळी सुरू व्हायला साफ नकार दिला. पुंजानं सेल्फ मारला. इंजिन दोनदा खाकरलं, कार्ब्युरेटरमधून फाट् करून आवाज निघाला आणि गोठ्यावरची कबुतरं उडाली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तर असा बार झाला, की आत देवापाशी बसलेली शकुबाई हातातल्या घंटेसकट बाहेर आली.

ओट्यावर बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या, रंगनाथच्या मनात पहिले शब्द आले ते असे : बरं झालं.

आता खोटं कशाला बोला? साठ वर्षांचा माणूस, सहा भावंडांतला थोरला, घराचा कर्ता. दसऱ्याचा झेंडू भरून दाराशी उभा. दुपारपर्यंत फुलबाजारात पोचला नाही तर वर्षभराची मेहनत सुकून जाणार, हे त्याला बाकी कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. तरी मनात आलं ते बरं झालं. लाजही वाटली त्याला स्वतःची, नाही असं नाही. पण लाज मागाहून आली.

"दादा!" पुंजानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. सगळ्यात धाकटा भाऊ, सेहेचाळीस वर्षांचा झाला तरी ओरडणं शाळेतल्यासारखंच. "गेली! पोरीची डबी गेली! मी म्हणत नव्हतो?"

"तू कवा काय म्हणत नसतो?" रंगनाथ म्हणाला. पण उठला मात्र नाही.

उठला नाही, कारण मेजरचं बॉनेट उघडून बघायचं नाही असं त्यानं गणपतीपासून ठरवलं होतं. रुसवाच होता तो, दुसरं नाव नाही त्याला.

मेजर म्हणजे घरची जुनी पिकअप. रंगनाथच्या वडिलांनी, सहादूबानं, ती साठ साली देवळालीच्या मिलिटरीच्या लिलावात घेतली, म्हणून तिचं नाव मेजर पडलं. आणि नाव मेजर पडल्यावर 'ती पिकअप' जाऊन 'तो मेजर' झाला. सहा सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, चढाला लागलं की गुरगुरायचं पण मागं सरायचं नाही. मखमलाबादच्या या मळ्यातला झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर, शिवाय आजारी माणसं आणि सासरी निघालेल्या मुली, सगळं मेजरनंच वाहिलं. आणि मेजरला चालतं ठेवलं रंगनाथनं. दर दुसऱ्या रविवारी सिलेंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, आतल्या दोन पॉइंटांवर बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, मग एस.टी.च्या तिकिटाच्या चार घड्या करून त्यांच्या फटीत सरकवायच्या. अडकल्या तर फट कमी, सैल गेल्या तर जास्त. ठिणगीचा सगळा जोर त्या फटीवर. गिरणाऱ्यापासून आडगावपर्यंत कुणाची पेट्रोलची जीप अडली, की निरोप यायचा, रंगनाथदादांना पाठवा. मग दादा आरशात बघून टोपी नीट करायचा आणि निघायचा. आपल्या हाताचा त्याला गर्व होता. का नसावा?

आणि याच हाताला सुवर्णा नडली. सुवर्णा त्याच्या मधल्या भावाची, गोटीरामची मुलगी. गोटीराम गेला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तेव्हापासून तिला रंगनाथनंच वाढवली, आणि बॉनेटखाली डोकं घालायलाही त्यानंच शिकवली. पुढं ती सातपूरच्या आयटीआयला गेली, मोटार मेकॅनिकच्या वर्गात एकटी मुलगी. आता पाच वर्षं अंबडच्या एका वर्कशॉपात कामाला होती.

गणपतीत, सगळं घर जमलेलं असताना, ती रंगनाथला म्हणाली, "नाना, पावसात मेजर अडतो तो पॉइंटामुळं. ओल धरतात, झिजतात. आता पॉइंटाच्या जागी इलेक्ट्रॉनिक डबी बसते. मी बसवते. घासायचं नाय, तिकीट घालायचं नाय, काही नाय."

"म्हंजी माझ्या हातात खोट हाय?"

"हातात नाय हो नाना, पॉइंटात हाय."

उत्तर खरं म्हणजे चांगलं होतं. दुसऱ्या कुणाच्या पुतणीनं दिलं असतं तर रंगनाथनं मांडीवर थाप मारली असती. पण त्याला ते झोंबलं. त्यात पोरीनं रस्त्याकडेच्या शेडचा विषय काढला. नोकरी सोडून तिथं स्वतःचं गॅरेज टाकायचं तिच्या मनात होतं. पुंजाच्या मनात तिथं स्वतःची नवी डिझेल पिकअप उभी करायचं होतं. दोघांची जुंपली तेव्हा रंगनाथ आरतीच्या ताटासमोर बोलून गेला :

"बसव तुझी डबी. दसऱ्याचा माल बिनतक्रार बाजारात पोचला, तर शेडची किल्ली तुझी. नाय पोचला, तर डबी काढायची, पॉइंट पुन्हा बसवायचे अन् शेडचं नाव काढायचं नाय. मेजरला तोवर मी हात लावत नाय."

पोरीनं डबी बसवली. नवी कॉइल टाकली, प्लगच्या वायरी नव्या टाकल्या. आणि महिनाभर मेजर सकाळच्या गारठ्यातही अर्ध्या सेल्फला सुरू व्हायला लागला. रंगनाथ ते ओट्यावरून रोज ऐकत होता, आणि रोज त्याचा चहा कडू होत होता.

तर आता मेजर थंड पडला होता आणि पुंजाच्या अंगात वारं शिरलं होतं.

"दादा, उठा. जुने पॉइंट तुम्ही टाकून थोडेच दिले? अर्ध्या तासात बसवाल. पाने घेऊन येतो." तो घरात शिरलाच.

आणि तेवढ्याच वेगानं बाहेर आला, कारण मागून लंकाबाई आली. लंकाबाई रंगनाथच्या पाठची बहीण, पिंपळगाव बसवंतच्या बागायतदाराकडे दिलेली. दसऱ्याला माहेरी आली की चार दिवस या घरात दुसऱ्या कुणाचं चालत नसे.

"पान्याला हात लावशील तर बघ!" ती म्हणाली. "सकाळी मी स्वतः मांडलीत हत्यारं. विळा, खुरपी, पाने, पक्कड, समदी पुजलीत. फुलं वाहिलीत. आज त्यांचा विसावा. उद्या सोनं लुटून आल्यावर उचलायची. बा असताना कवा मोडलं होतं हे?"

"अगं आक्का, पण माल..."

"बा म्हणायचा, हत्यारानं बसायचं, मेजरनं जायचं. फुलं दुसऱ्याच्या पूजेची असतात, ती थांबायची नाय. आता मेजरच बसला, त्याला मी काय करू?" आणि मग, थोडं आवाज चढवून, कारण शकुबाईही ऐकत होती, "पोरीच्या जातीनं इंजिनात हात घातला की असं होतं. दादा एवढं सांगत होता..."

"लंके, पुरे," रंगनाथ म्हणाला. खरं तर त्याला आणखी थोडं ऐकायला आवडलं असतं.

पिंपळापाशी लुना वाजली. सुवर्णा पहाटेच पंचवटीतल्या देवळांचे हार पोचवायला गेली होती, ती परत आली. फाटकातूनच तिनं बघितलं : मेजर जागेवर, पुंजाकाका हसरा, आत्या कमरेवर हात ठेवून, नाना ओट्यावर. लुना तिनं स्टँडवर लावली नाही, भिंतीला टेकवली.

"काय झालं?"

"काय व्हायचं?" पुंजा म्हणाला. "शेड मला झाली."

सुवर्णानं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. "काका, आवाज कसा आला? सेल्फ फिरतो का?"

"फिरतो ना. खाकरतो अन् फटाके वाजवतो. दिवाळी आधीच आली."

"फटाके वाजतात?" तिनं विचारलं, आणि तिचा चेहरा जरासा उजळला. रंगनाथनं ते बघितलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. कारण हाच प्रश्न त्याच्याही मनात मघापासून घोळत होता, फक्त तो त्याला हाकलून देत होता. डबी मेली असती तर इंजिन गपगार फिरलं असतं. फटाका वाजतो म्हणजे ठिणगी पडतेच आहे.

"आत्या, पान्याला हात लावत नाय," ती आपणहून म्हणाली. "हातानं निघेल तेवढंच बघते."

तिनं हार बाजूला केला, बॉनेट उचललं. एका प्लगवरची वायर हातानं ओढून काढली, कोरड्या गोणपाटाच्या तुकड्यात धरली आणि तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून बोटभर लांब ठेवलं. "काका, मारा सेल्फ."

चट् चट् चट्. ठिणगी पडली. ओट्यावरूनही दिसली. जुन्या पॉइंटांची ठिणगी पिवळट असायची, पावसाळ्यात तर नुसती लालसर. ही निळी होती, आणि एवढ्या लांबून उडी मारत होती. रंगनाथ चाळीस वर्षं ठिणग्या बघत आला होता. अशी त्यानं मेजरमध्ये कधी बघितली नव्हती. तो उठला कधी, ओट्याच्या पायऱ्या उतरला कधी, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"डबी ठणठणीत हाय," सुवर्णा म्हणाली. तिनं वायर परत बसवली. "पुन्हा मारा, काका. थांबू नका."

इंजिन फिरलं. खाकरलं. फाट्. पुन्हा खाकरलं. सुवर्णा डोळे मिटून ऐकत होती, आणि तिच्या मागं चार हात लांब उभा राहून रंगनाथही डोळे मिटून ऐकत होता.

"सहातली दोनच धरू राहिलीत," ती म्हणाली.

"दोनच," रंगनाथ म्हणाला. त्याच्या तोंडून निघून गेलं.

तिनं वळून बघितलं. महिन्याभरात नाना मेजरबद्दल पहिल्यांदा बोलला होता. ती थोडी बाजूला सरकली, त्याच्यासाठी जागा करून. मग दोघंही वाकले आणि दोघांनाही एकदमच दिसलं.

डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर गोलाकार सहा वायरी बसतात. मेजरच्या प्रत्येक वायरीला त्या टोकाशी एकेक पितळी बिल्ला होता. सहादूबाला अक्षरओळख जेमतेम, आणि इंजिनाचा क्रम इंग्रजी आकड्यांत : एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. या क्रमानं ठिणगी पोचली तरच सहा सिलेंडर नीट ओढतात. म्हातारा आकड्यांच्या भानगडीत पडला नाही. त्यानं सिलेंडरांना आपल्या पोरांची नावं दिली. पहिलं रंगनाथ, दुसरं लंका, तिसरं गोटीराम, चौथं वाल्मीक, पाचवं चंद्रभागा, सहावं पुंजा. तांबट आळीत जाऊन, भांड्यावर नाव घालतात तसं, ठिपक्याठिपक्यांनी सहा बिल्ल्यांवर ती घालून आणली. आणि टोपीवरचा क्रम पाठ केला : रंगा, चंद्री, गोट्या, पुंज्या, लंकी, वाल्या. पोरं लगोरी खेळताना हेच म्हणायची. पुढं तेलानं, धुरानं बिल्ले काळे ठिक्कर पडले, अक्षर दिसेना झालं. पण रंगनाथला बघायची गरज नव्हती आणि सुवर्णाला त्यानंच शिकवलेलं. नव्या वायरी टाकताना तिनं तेच काळे बिल्ले त्यांच्यावर चढवले होते.

आज बिल्ले सोन्यासारखे झळकत होते. आणि त्यांच्यावर स्वच्छ वाचता येत होतं : रंगनाथ. लंका. गोटीराम. वाल्मीक. चंद्रभागा. पुंजा. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, ओळीनं, लग्नपत्रिकेत छापावं तसं.

रंगनाथला सकाळचं आठवलं. हत्यारं पुजून झाल्यावर लंका चिंचेच्या कोळाची वाटी घेऊन मेजरपाशी गेली होती. देवाची भांडी घासतेस तर बॉनेटखालचं पितळही घास, असं त्यानंच तिला हसून म्हटलं होतं. तिनं वायरी ओढून काढल्या असणार, बिल्ले घासले असणार, आणि परत लावताना बघितलं असणार की रंगनाथनंतर एकदम चंद्रभागा! धाकटी बहीण तिच्या आधी, आणि ती स्वतः पार मागं, पुंजाच्याही नंतर! पोरीनं घाईत वाटेल तशी नावं लावलीत असं वाटलं असणार तिला. मग तिनं ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या मानाच्या जागी बसवलं. दुसरं काय?

सुवर्णाही वर बघत होती. लंकाबाई ओट्याच्या खांबापाशी उभी होती, आणि तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते. मघाची कमरेवरची मूठ गेली होती. तिचं तोंड उतरलं होतं. तिला कळलं होतं.

रंगनाथ वाट बघत राहिला, की आता पोरगी बोलणार. बोलायलाच हवं होतं तिनं. तिचं गॅरेज त्या एका वाक्यावर होतं.

"माझंच चुकलं," सुवर्णा म्हणाली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वायरी उलटसुलट बसल्यात. घाईत माझ्याकडून झालं असेल."

रंगनाथ चमकला. ही पोरगी काल संध्याकाळी हाच मेजर वरच्या मळ्यातून भरून घेऊन आली होती. तिच्याकडून झालं असतं तर काल तो जागचा हलला नसता. हे त्याला ठाऊक, तिला ठाऊक. आणि तरी ती सणाच्या दिवशी माहेरवाशिणीचं तोंड भावजयीसमोर पडू नये म्हणून स्वतःची शेड देऊन टाकत होती. हातानं वायरी काढत, लावत, खाली मान घालून.

"बघा!" पुंजा टाळी वाजवून म्हणाला. "कबूल झाली. दादा, तुमचा शब्द होता."

आता रंगनाथनं बोलायला हवं होतं. त्याच्या जिभेवर आलंही. पण समोर लंका होती, पाठची बहीण, वर्षातून एकदा येणारी, आणि तिच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं होतं. एकीला वाचवावं तर दुसरी बुडत होती. आणि आतल्या आत, अगदी तळाशी, तो गणपतीतला रुसवाही अजून थोडा शिल्लक होताच. तो म्हणाला, "शेडचं काय ते बाजारातून आल्यावर बघू."

असं म्हणाला आणि स्वतःच्याच आवाजाची त्याला किळस आली.

सुवर्णा वायरी लावतच राहिली. चंद्रभागा दुसऱ्या जागी, पुंजा चौथ्या, लंका पाचव्या, वाल्मीक शेवटी. रंगनाथ आणि गोटीराम या दोघांना तिनं हातच लावला नाही, ते आपापल्या जागी बरोबरच होते. सकाळपासून त्या ऐंशी क्रेटखाली तेच दोघं एकटे ओढायला बघत होते. रंगनाथला हे कळलं तेव्हा त्यानं टोपी काढली, उगाच झटकली आणि परत घातली. गोटीराम असता, तर त्यानं आज आपल्याला काय म्हटलं असतं?

"मारा सेल्फ."

अर्ध्या सेल्फला मेजर सुरू झाला. खाकरणं नाही, फटाका नाही. सहाच्या सहा एका सुरात, असा भरदार आवाज की शकुबाईनं आपोआप हात जोडले. सुवर्णा गाडी चालवायला बसली, रंगनाथ तिच्या शेजारी. पुंजा फाटक उघडायला धावला. शेड मिळाली तरी माल त्याचाही होता.

आणि मेजर गियरमध्ये पडणार तोच लंकाबाई ओट्यावरून उतरून गाडीसमोर येऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरून.

"आत्या, बाजूला व्हा, उशीर होतोय," सुवर्णा म्हणाली.

"नाय होत. बंद कर ते."

"आक्का, येड लागलं का?" पुंजा म्हणाला.

"लागलं होतं, सकाळी," लंकाबाई म्हणाली. हात तिनं आता सगळ्यांसमोर धरले. चिंचेनं बोटं उजळ आणि नखांत काळं. "ते माझ्या हातून झालं. बिल्ले घासायला मी काढलं समदं. बघते तर चंद्री माझ्या आधी. म्हटलं, या पोरीला लहानमोठं काही कळत नाय. मी नीट लावलं. मला काय ठाऊक, तुमच्या इंजिनात धाकटी आधी पेटते!"

फाटकापाशी पुंजाला हसू फुटलं आणि त्यानं ते दाबलं. शकुबाईला दाबता आलं नाही.

"हसा," लंकाबाई म्हणाली. "खुशाल हसा. पण ती पोरगी माझ्यासाठी खोटं बोलली. मी तिला पोरीची जात म्हणून बोलले, अन् तिनं माझं झाकलं." मग ती रंगनाथकडे वळली. "अन् दादा, तुझ्याशी तर भांडायचंच हाय मला. मेजर आला तवा माझं लगीन होऊन सहा महिने झाले होते. बानं तरी त्यात माझं नाव घातलं, अन् तुम्ही भावांनी बेचाळीस वर्षं मला सांगितलं नाय? मला वाटायचं, दिली म्हंजी खोडली. आज घासता घासता माझं नाव वर आलं, तर ते मी पदरानं दोनदा पुसलं. म्हणून तर चुकीच्या जागी नको म्हटलं ना रे!"

रंगनाथ खाली उतरला. बहिणीसमोर जाऊन उभा राहिला. लगोरीची ती गाणी मुलग्यांची, मुलींना कोण सांगतं? कुणी मुद्दाम लपवलं नव्हतं. पण कुणी सांगितलंही नव्हतं, हे खरंच होतं.

"चुकलं लंके," तो म्हणाला. "पण तुझी जागा मागची नाय. इंजिनात वयाचा मान नसतो. ज्याची पाळी, त्यानं पेटायचं. तू अडलीस तर बाकी पाच जण असे ठसकतात, बघितलं ना सकाळी?"

"बघितलं," ती डोळे पुसत म्हणाली, आणि मग लगेच, कारण ती लंकाबाई होती, "अन् शेड?"

"शेड तिची. माल पोचायच्या आधीच तिची."

"दादा, पण..." पुंजानं तोंड उघडलं.

"तुझी पिकअप चिंचेखाली उभी कर," लंकाबाई म्हणाली. "सावली हाय." ती गाडीसमोरून बाजूला झाली, आणि जाता जाता तिनं खिडकीतून हात घालून सुवर्णाचा गाल असा काही कुस्करला, की त्यावर चिंचेचा डाग उमटला.

मेजर मखमलाबाद नाक्याच्या रस्त्याला लागला. चढाला तो पूर्वीसारखा धापत नव्हता. सुवर्णाच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं आणि ती ते समोरच्या काचेत बघून लपवत होती. रंगनाथला ते दिसत होतं. शब्द त्यानं पाळला होता खरा, पण लंका बोलल्यावर पाळला होता. आधी बोलायची पाळी त्याची होती, आणि तो त्या वेळी अडला होता. हे त्याला पूर्ण रस्ताभर टोचत राहिलं.

फुलबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. पिवळ्या-केशरी ढिगांतून वाट काढत सुवर्णानं मेजर मागं घेतला, एका हातानं, आरशात बघून, आणि बरोबर जागेवर लावला. मग ती क्रेटवर चढली आणि एकेक खाली द्यायला लागली. निम्मे क्रेट उतरायच्या आतच गिऱ्हाईक जमलं. माल वेळेवर आला होता.

"दादा! बरं झालं भेटले." गर्दीतून समाधान पुढं आला. गंगापूर रस्त्याला त्याची नर्सरी, आणि त्याच्या जुन्या पेट्रोल जीपला रंगनाथनं वीसेक वर्षं हात लावला होता. "जीप सकाळपासून ठसकू राहिली. तिथं कोपऱ्यावर उभी केलीय. जरा तुमचा हात लावा पॉइंटाला. तुमच्याशिवाय कुणाचं काम नाय ते."

हे वाक्य रंगनाथनं आयुष्यात शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्याची छाती दोन बोटं फुगली होती. आजही फुगली. पण कशानं फुगली ते वेगळं होतं.

"माझं काम नाय आता ते," तो म्हणाला. "परवा आमच्या शेडवर घेऊन ये. मिस्त्री बघतील."

"मिस्त्री ठेवलाय तुम्ही? कोण?"

"त्या काय, वर उभ्या हायेत."

समाधाननं वर बघितलं. क्रेटच्या थप्पीवर, केसांत झेंडूच्या पाकळ्या आणि गालावर डाग, सुवर्णा कंबर वाकवून क्रेट उचलत होती.

"ही?" तो हसला. "ही तर आपली सुवर्णा! ए सुवर्णे..."

"सुवर्णे नाय," रंगनाथ म्हणाला. त्यानं ते आसपासच्या चार व्यापाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "मिस्त्री म्हणायचं. अन् अहो म्हणायचं."

समाधाननं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. थट्टा कुठं दिसेना. तेव्हा त्यानं घसा साफ केला, मान वर केली आणि म्हणाला, "अहो मिस्त्री, आमची जीप बघाल का?"